पांढरी पाच

"ना ताल, ना ढोलकी, ना झांज. स्टँडवर गाडी लागल्याचं सांगतात ना, तसं गातात मेलं."

सुलाबाई हे मला म्हणाली नव्हती. ती बाकाला म्हणाली. चर्च झाडून झालं की ती बाकं पुसते आणि पुसताना बाकांशी बोलते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ती माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर ओणवी झाली होती आणि गायनमंडळाची फाईल माझ्याच मांडीवर होती.

"ऐकू आलं हो, सुलाबाई."

"आलं तर आलं. तुम्हाला नाय म्हटलं, फादरला म्हटलं. आमच्या सातच्या मिस्सेला ढोलकी वाजती, देवाला कळतं लोकं आलीत म्हणून. तुमच्या साडेआठला त्याला झोप लागत असंल."

आमच्या चर्चमध्ये रविवारी दोन मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, होतात. सातची मराठी, साडेआठची इंग्रजी. सातला आमची माणसं येतात आणि साडेआठला गोव्याची, मंगळूरची, केरळची, देवळाली कॅम्पातली फौजी कुटुंबं. मी माणूस सातची. गेली अठरा वर्षं गाते मात्र साडेआठला.

इंग्रजी मिस्सेत पूर्वी गिटार होती, ड्रम होता. गेल्या जूनमध्ये फादर अमित बदलून आले आणि त्यांनी दोन्ही वाद्यं प्रेमाने कपाटात ठेवली. म्हणाले, "लोक बँड ऐकायला बसतात, मग गायचं कोणी?" त्यांनी साधा चँट आणला. चँट म्हणजे एकाच सुरावर शब्द चालत राहतात आणि ओळ संपताना एखादी पायरी वर नाहीतर खाली. लॉर्ड हॅव मर्सी, होली होली, लॅम्ब ऑफ गॉड, सगळं तसंच. दोन आठवड्यांत कुणालाही पाठ होतं. पाठ झाल्यावर लोक कंटाळले, आणि कंटाळल्यावर चक्क गायला लागले.

मला हा चँट नवा नव्हता. अठरा वर्षांपूर्वी कॉन्व्हेंटच्या सिस्टर लोकांचे पडदे शिवायचं काम माझ्याकडे आलं. मी स्टुलावर उभी राहून मापं घ्यायची आणि पलीकडच्या चॅपेलमध्ये त्या दुपारची प्रार्थना गायच्या. पडदे सहा होते. मी मापं घ्यायला अकरा वेळा गेले. घरी येऊन मुलीच्या उरलेल्या वहीत ऐकलेलं देवनागरीत लिहायची आणि अक्षरांवर बाण काढायची, वर, खाली, सरळ. माझं शिक्षण दहावी, मराठी शाळेत. इंग्रजी येत होतं ते ब्लाउजच्या मापापुरतं. त्या वहीवर मी साडेआठच्या मंडळात शिरले. पहिली दोन वर्षं शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे. नंतर सगळ्यांच्या लक्षात आलं की ही बाई वाद्याशिवाय सूर लावते आणि तो हलत नाही.

आमचा कीबोर्ड यादव वाजवतो. दिवसा तो विजेची कामं करतो. त्याने एकदा मला न सांगता तीन महिने तपासलं. मी 'हं' म्हणून सूर दिला की तो हळूच पट्टी दाबून बघायचा. तीन महिने एकच पट्टी निघाली, पांढरी पाच. म्हणजे कीबोर्डच्या सप्तकातली पाचवी पांढरी. सर्दी असो, उपवास असो, घरात भांडण झालेलं असो.

"शुभांगीताई, तुमच्या गळ्यात घड्याळ आहे," तो म्हणाला. हे त्याने मंडळभर सांगितलं. सांगू दिलं मी.

उपवासकाळाचे चाळीस दिवस आमच्याकडे कीबोर्डही जवळपास बंद असतो. पण यादव येतो, कीबोर्ड मांडतो, एका कानात इयरफोन घालतो आणि आवाज बाहेर न जाऊ देता पट्टीवर बोट ठेवून बसतो. "सवय मोडू नये म्हणून," म्हणतो. गाणं सगळं माझ्या 'हं'वर चालतं. आणखी एक गोष्ट बंद असते. आलेलुया हा शब्द. मिस्सेत तर नाहीच, पण आमच्या मंडळात तो तालमीतही काढायचा नाही अशी जुनी रीत आहे. ईस्टरची तयारी करताना त्याच्या जागी 'ना ना ना ना' म्हणायचं. परेरा अंकल रेल्वेतून निवृत्त झालेले, खर्जात गातात, सत्तरी ओलांडलेली. त्यांच्या तोंडून एकदा तो शब्द निसटला तर त्यांनी स्वतःचे कान पकडले होते.

ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी तो शब्द परत येतो. शुभवर्तमान वाचण्याआधी एक माणूस उभा राहतो आणि एकटा आलेलुया म्हणतो. मग सगळे म्हणतात. तो दुसऱ्यांदा म्हणतो, एक पायरी वरून. पुन्हा सगळे. तिसऱ्यांदा आणखी एक पायरी वर. बस, एवढंच. हे काम फादरचं. अठरा वर्षं मी खाली उभी राहून उत्तर देत आले.

यंदा दिवाळीत फादर अमितांच्या घशाचं ऑपरेशन झालं. बोलता येतं, सूर चढवता येत नाही. फेब्रुवारीत ते म्हणाले, "ते तीनदा म्हणायचं यंदा मंडळातल्या कुणीतरी म्हणावं लागेल." आणि माझ्याकडे बघून हसले.

घरी येऊन मी हिरामणला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं.

"म्हणजे तीन शब्द?"

"एकच शब्द. तीनदा."

"मग एवढं काय त्यात?"

मी त्याला कांदा चिरायला दिला. आणि दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी मोतिया रंगाचा ब्लाउज बेतायला घेतला. दुसऱ्यांचे शिवून शिवून माझे स्वतःचे ब्लाउज नेहमी उरलेल्या कापडाचे असतात. हा मुद्दाम कापड आणून.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पल्लवी आली. सुरगाण्याकडची. इथे नर्सिंगला आहे, सिस्टर लोकांच्या हॉस्टेलवर राहते. गव्हाळ, बारीक, एकवीस वर्षांची. सिस्टरनी पाठवलं म्हणून आली आणि खांबामागे उभी राहिली. मी तिला ओढून पुढे आणलं, माझ्या शेजारी. हे मी केलं, ते माझ्या बाजूला लिहून ठेवा, पुढे फारसं काही लिहिण्यासारखं नाही.

चँट तिला एका ऐकण्यात आला. तिचा आवाज जाड, खालचा, आणि त्याला कड नव्हती. म्हणजे कुठे सुरू झाला ते कळायचं नाही. कळायचं तेव्हा तो आधीच चर्चभर झालेला असायचा. मागच्या बाकांवरची पोरं मोबाइलमधून मान वर काढायची. पहिल्या दिवशी परेरा अंकलनी चष्मा काढून पुसला आणि "व्हेरी नाइस" म्हणाले. माझ्याकडे न बघता.

उपवासकाळाच्या शेवटच्या रविवारी तालमीला फादर म्हणाले, "ते तीनदा म्हणायचं, पल्लवीचं पण ऐकून बघू का? शुभांगीताई, तुमची हरकत नाही ना?"

"माझी कसली हरकत?"

सगळे उभे राहिले. पल्लवीने माझ्याकडे बघितलं. सूर मीच देते, ते ठरलेलं आहे. मी 'हं' म्हटलं. पांढरी पाच. यादवचं बोट मला दिसत होतं.

पहिलं 'ना ना ना ना' ठीक गेलं. दुसऱ्याला तिच्या मानेची शीर दिसली. तिसऱ्याला आवाज फाटला, जुन्या मांजरपाटासारखा, टर्रकन.

देवाशपथ, त्या दिवशी मी मुद्दाम काही केलं नव्हतं. मी माझा सूर दिला, रोजचा. तो तिचा नव्हता, हे तिसऱ्या वेळेला लक्षात आलं. तेव्हा म्हणायला हवं होतं, "थांबा, मी खाली देते, परत म्हण." सहा शब्दांचं काम.

"होतं असं," मी म्हणाले. "नवीन आहे अजून."

"हो, नवीन आहे," परेरा अंकल म्हणाले.

"शनिवारी सकाळी एकदा परत बघू," फादर म्हणाले. "दोघींचंही."

मी घरी चालत गेले. रिक्षा मिळत होती, तरी चालत. मला बरं वाटत होतं आणि बरं वाटतंय हे बरं वाटत नव्हतं.

मंगळवारी दुपारी पल्लवी घरी आली. युनिफॉर्म कमरेत सैल होत होता, तो आत घ्यायचा होता. मी मशीनवर बसले. तिला सांगितलं, भाकरी आहे, ठेचा आहे, वाढून घे. तिने वाढून घेतली, जेवली, आणि विचारायच्या आत भांडी घासायला लागली.

"काकू, त्या दिवशी लय वर गेलं वो."

"हं."

"दमच कमी पडला माझा. श्वास कसा घेऊ सांगा ना तुम्ही. शनिवारी आई-बा येणार हायेत."

"सुरगाण्याहून?"

"नाय, दिंडोरीहून. द्राक्षाच्या कामाला हायेत ना दोघं, पावसाळ्यापर्यंत. बा मालकाला म्हणाला, पोरगी चर्चमधी एकटी गाणार हाय. मालकानं अर्धा दिवस सोडलं." ती हसली. "मी बाला म्हणलं, अजून नक्की नाय. तो म्हणे, तू म्हणशील तर नक्कीच असंल."

मी तिला श्वास सांगितला. पोटातून घे, खांदे उचलू नकोस, ओळीच्या आधी घे, मध्ये नको. हे सगळं मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मी शोधलं होतं, आणि सगळं खरं होतं. फक्त तिला त्याची गरज नव्हती. श्वास तिचा माझ्याहून दीडपट होता.

ती सिंकपाशी तशीच उभी राहून गायली. पातेलं हातात. सूर मागितला नाही, तिचा तिने धरला. मला पट्टी कळायला यादवची बोटं लागत नाहीत. पांढरी तीन होती. पहिल्यांदा. मग एक पायरी. मग आणखी एक. तिसऱ्या वेळेला माझ्या मशीनवरची कात्री बारीकशी थरथरली. नळ चालू होता, तो तिने मधेच बंद केला, गाणं न तोडता.

"आता बरं आलं काय?"

"बरं आलं," मी म्हणाले. "युनिफॉर्म घालून बघ."

ती गेल्यावर हिरामण आतून बाहेर आला. अर्ध्या गालावर साबण, हातात रेझर. दाढी अर्धी टाकून हा माणूस भूकंपालाही बाहेर आला नसता.

"शनिवारी हीच म्हणणार ना?"

"बघू."

 मग त्याला काहीतरी आठवलं. खुर्चीवर मोतिया ब्लाउज होता, हुक लावायचे राहिलेले. "तुझंही चांगलं असतं," असं म्हणून तो आत गेला.

मी हुक लावले. सहा हुक. एकही वाकडा नाही.

शनिवारी सकाळी दहा वाजता आम्ही जमलो. चर्चमध्ये संध्याकाळची गडबड चालू होती. फुलं बादल्यांमध्ये आली होती, पण वेदीवर ठेवायची वेळ अजून आली नव्हती. कुणीतरी शिडी लावून उपवासकाळाचं जांभळं कापड उतरवत होतं. मंडळातले नऊजण होते. पल्लवी माझ्या शेजारी, कमरेत नीट बसलेल्या युनिफॉर्ममध्ये, कारण तिथून तिला ड्यूटीला जायचं होतं. यादव कीबोर्डमागे, एका कानात इयरफोन.

फादरनी घड्याळ बघितलं. "पल्लवी आधी. तिला जायचंय."

तिने श्वास घेतला, पोटातून, खांदे न उचलता. मी शिकवल्याप्रमाणे. मग माझ्याकडे बघितलं.

सूर द्यायला किती वेळ लागतो? सुईत दोरा ओवायला लागतो त्याच्याही निम्मा. तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात पांढरी तीन स्पष्ट वाजत होती, तिच्या पातेल्यासकट. आणि मी 'हं' म्हणाले. पांढरी सहा.

यादवचं बोट पाचवर होतं, रोजच्या जागी, आधीच टेकवलेलं. ते उचललं गेलं आणि एक पट्टी पुढे सरकलं. त्याने वर बघितलं नाही. परेरा अंकलनी मात्र बघितलं, माझ्याकडे, आणि लगेच फाईलमध्ये. नऊजणांपैकी सात तरी माझ्या सुरावर पाच-दहा वर्षं गात आले आहेत. माझ्या सुरात केसाइतका फरक पडला तर त्यांना झोपेत कळेल.

पल्लवीला नाही कळलं. मी दिला तो सूर तिने विश्वासाने घेतला. पहिलंच 'ना ना ना ना' ताणलेलं आलं. दुसऱ्याला ती चवड्यांवर उचलली गेली. तिसऱ्याला आवाज आलाच नाही. नुसती हवा आली, आणि मग खोकला.

 सगळ्यांना एकदम आपापल्या फाईलमध्ये काहीतरी सापडलं.

"हवा फार कोरडी आहे आज," परेरा अंकल अखेर म्हणाले.

"आणि धूळ," दुसरं कुणीतरी म्हणालं. "ते कापड उतरवतायत ना."

"हो, धूळ आहे."

फादर अमितांनी यादवकडे बघितलं. यादव इयरफोनची वायर सोडवत होता. तिला गाठ नव्हती.

"ठीक आहे," फादर म्हणाले. ते काय समजले आणि काय नाही, मला अजून माहीत नाही. "मग शुभांगीताई म्हणतील. पल्लवी, पुढच्या वर्षी नक्की. वाईट वाटून घ्यायचं नाही."

"नाय फादर, वाईट कशाला," पल्लवी म्हणाली. तिचे डोळे खोकल्याने भरले होते, निदान खोकल्यानेच असं तिने दाखवलं. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "काकू, तुम्हीच म्हणा. तुम्ही एवढं शिकवलं, मलाच नाय जमलं. बाला सांगते मी काहीतरी."

"शुभांगीताई, तुमचं एकदा ऐकून घेऊ," फादर म्हणाले. "म्हणजे संध्याकाळी काळजी नको."

मी पुढे आले. अठरा वर्षं ज्या जागेकडे बघत गायले त्या जागी उभी राहिले. समोर जमिनीवर फुलांच्या बादल्या होत्या. मी तोंड उघडलं आणि जो सूर आला तो अर्थातच माझा होता. दुसरा येणार कुठून? मघाचा सूर मी खास तिच्यासाठी काढला होता. स्वतः तिथून वर चढणं मला झेपलंही नसतं.

'ना ना ना ना.'

पहिलंच म्हटलं आणि चर्चमध्ये ते स्वच्छ ऐकू गेलं. मघापेक्षा एक सूर खाली. उत्तर द्यायचं होतं मंडळाने. त्यांनी दिलं, पण मन नसल्यासारखं, जेवून आलेल्या माणसाने पानावर बसावं तसं. यादवचं बोट पाचवर परत आलं होतं. आता तो माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मी दुसऱ्यांदाही म्हटलं असतं.

पल्लवी भुवया किंचित गोळा करून ऐकत होती. काहीतरी जुळत नव्हतं, आणि जुळत नाही ती चूक आपलीच असणार असं तिच्या चेहऱ्यावर होतं. तिने स्वतःच्या गळ्याला हात लावला.

मी दुसरं म्हटलं नाही.

"काय झालं?" फादर म्हणाले. "छान होतं. पुढे?"

"धूळ," परेरा अंकल माझ्यासाठी म्हणाले. भला माणूस.

"धूळ नाही, अंकल," मी म्हणाले. आवाज नेहमीचा निघाला, शिवणाची तारीख सांगते तसा. "फादर, हिचा आवाज फाटलेला नाही. हिचा सूर पांढरी तीन आहे, मला मंगळवारपासून माहीत आहे. मी सहा दिला. या सगळ्यांनी ऐकलंय. मुद्दाम दिला मी."

शिडीवरचा माणूसही थांबला.

"का?" पल्लवीने विचारलं. खरंच विचारलं, तिला माहीत नव्हतं.

"तू माझ्यापेक्षा चांगली गातेस म्हणून."